जल्लाद परत आला तेव्हा

“हे तुम्हाला पटणार नाही,” मी म्हणालो.

“मग सांगूच नका,” कंडक्टर म्हणाला. “पटेल असं काहीतरी सांगा की आबा. वर्षातून एकदा तरी.”

शनिवारची दुपार होती. टीव्हीवरच्या कुस्त्या सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून उशांच्या फळीवर ठेवलेला टीव्ही आवाज बंद करून नुसत्या जाहिराती दाखवत होता. कंडक्टर ड्यूटी संपवून थेट माझ्या दुकानात आला होता आणि गणवेशाची वरची बटणं सोडून नव्या गाद्यांच्या चळतीवर मांडी ठोकून बसला होता. गिऱ्हाइकाच्या गादीवर बसू नकोस, असं त्याला कितीदा सांगितलं. तो म्हणतो, बसल्याशिवाय गादी रुळत नाही, उलट तुम्हीच माझे आभार माना. त्याच्या पायाशी स्टुलावर चष्मेवाला. कोपऱ्यावरच्या दुकानात काचा घासता घासता त्याची स्वतःची नजर अधू झाली आहे, पण कुस्तीतली खोटी लाथ त्याला पाठमोरं बसूनही कळते. आणि मी जमिनीवर. पुढ्यात उसवलेली एक जुनी गादी, हातात दाभण, नाकातोंडात कापूस.

माझी ख्याती अशी, की मी सांगितलेली गोष्ट आधी अर्धी करावी, उरलेली पिंजावी, आणि मग हाताला चिमूटभर काही लागलंच तर घ्यावं. आमच्या गल्लीचा तसा रिवाजच आहे. बुलडोझर नावाचा पैलवान माझ्या कापसावर आपटून इतका उंच उडाला, की गोदामाच्या पंख्याने त्याची हजामत करून टाकली, हे मीच पसरवलेलं. त्यात खरं एवढंच, की कुस्त्या होतात त्या गोदामातल्या रिंगची पहिली गादी मी भरली होती. पुढे टीव्हीवाले आले. म्हणाले, कापूस आवाज खातो, घरी बसलेल्या माणसाला धप्प ऐकू गेलं पाहिजे. त्यांनी गादी काढून टाकली आणि फळ्यांवर नुसती ताडपत्री ताणली. फळीवर माणूस पडला की आवाज फार छान येतो.

“सांगा हो,” चष्मेवाला म्हणाला. “नाहीतरी वेळच घालवायचाय.”

“जल्लादाची मान खरोखर मोडली होती,” मी म्हणालो.

कंडक्टर असा हसला की त्याच्या बुडाखालची गादी सरकली.

जल्लाद कोण, ते आधी सांगायला हवं. शनिवारच्या कुस्त्यांत दोन प्रकारचे पैलवान असतात. एक जिंकणारे, आणि दुसरे, ज्यांच्या जिवावर पहिले जिंकतात. जल्लाद या दुसऱ्यांतला. काळा मुखवटा, हातात पुठ्ठ्याची कुऱ्हाड, डरकाळ्या फोडत यायचा आणि मार खाऊन जायचा. येताना जल्लाद, जाताना पोतं, म्हणून आम्ही त्याला पोत्याच म्हणायचो. पण पडावं ते पोत्यानेच. चष्मेवाल्याचं शास्त्र असं, की कुस्ती मारणाऱ्याची नसतेच, पडणाऱ्याची असते. बुलडोझरचा ठोसा छातीपर्यंत पोचायचा नाही. कंडक्टर म्हणायचा, मधल्या जागेतून माझी बस निघून जाईल, तीही भरलेली. तरी पोत्या असा कोलमडायचा, की घरी टीव्हीसमोर बसलेल्या बाईच्या हातातला कप हिंदकळावा. हनुवटी छातीला टेकवलेली, पाठ सपाट आणि दोन्ही तळहात फळीवर चापट मारल्यासारखे. आवाज तळहातांचा असतो, बघणाऱ्याला वाटतं हाडांचा.

त्या शेवटच्या कुस्तीत तळहात आपटलेच नाहीत.

बुलडोझरने त्याला उलटं उचललं. खाली डोकं, वर पाय. या डावाला आम्ही क्रेन म्हणतो. उचललं आणि सोडलं. पोत्या पडला तो पडूनच राहिला. तडफड नाही, कण्हणं नाही, लोळणं नाही. हात दोन बाजूंना, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, अरे, जरा तरी कण्ह की, पुन्हा पड. तो आपला कंडक्टर. बघता बघता सगळं गोदाम त्याच्या मागून ओरडायला लागलं, पुन्हा पड, पुन्हा पड. बुलडोझर बिचारा गांगरला. त्याने एक लाथ हाणली, तीही लागली नाही, मग तो पोत्याच्या अंगावर आडवा झाला आणि घंटा वाजली. स्ट्रेचर आलं. वाहिनीने ते पडणं ‘आठवड्याची फजिती’ म्हणून दाखवलं. लोकांना ते एवढं आवडलं की आता दर शनिवारी कुस्त्यांच्या आधी तेच दाखवतात, वर शिट्टीचा आवाज टाकून. पोरगं पोटात दुखतंय म्हणून शाळा चुकवायला लागलं, की आई म्हणते, पोत्यासारखा पडू नकोस, ऊठ.

“मान मोडलेला माणूस ओरडतो,” कंडक्टर म्हणाला. “आमच्या बसच्या दारात एकाचा नुसता अंगठा सापडला होता. पुढच्या थांब्यापर्यंत त्याचा आवाज कानात होता माझ्या.”

“मान मोडली की ओरडायला वारा कुठून आणायचा?”

“आबा, तुम्ही मला कुस्ती शिकवू नका. जो स्ट्रेचरवरून जातो तो आपल्या प्रवेशाच्या गाण्यावर परत येतो. नियम आहे हा. त्या कवटीवाल्याला पेटीत घालून खिळे नव्हते ठोकले? आला की नाही?”

“आणि तो दर्यावर्दी,” चष्मेवाला म्हणाला. “त्याला तर जाळलाच होता.”

“जाळला, आणि मग जुळा भाऊ म्हणून आला. तेच पोट, तोच पाठीवरचा तीळ. आता जुळ्यांचे तीळ कुठे सारखे असतात?”

“नसतात.”

“झालं तर मग. पोत्याची गोष्ट कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीने मुरत ठेवलीय, एवढंच. कुठेतरी मजेत असेल, व्यायाम करत असेल. एक दिवस दिवे जातील, गाणं लागेल, आणि आपण इथे बसून टाळ्या वाजवू.”

हे तो द्वेषाने बोलत असता तर मला सोपं गेलं असतं. पण पोत्यावर त्याच्याएवढं प्रेम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याला पोत्या परत हवा होता. आणि पोत्या परत हवा असेल तर मान मोडून चालत नव्हतं.

मला खरं ठाऊक होतं, कारण मी पोत्याच्या घरी जाऊन आलो होतो. पुलापलीकडे अरुंद जिन्याचं एक घर आहे, तिथे तो वरच्या खोलीत असतो. मुखवट्याखालचं तोंड कुणी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या लेखी तो नुसता वरचा आजारी माणूस. त्याची लेक गादीची चौकशी करत माझ्या दुकानात आली होती, म्हणून मी माप घ्यायला गेलो, आणि जल्लाद तो मीच, हे त्याने स्वतःच मला सांगितलं. खाट खिडकीशी, टीव्ही पायथ्याशी. मानेच्या खाली काही हलत नाही. आज मी उसवून बसलो होतो ती त्याचीच गादी. माणूस कूस बदलतो तेव्हा गादी सगळीकडून सारखी दबते. ही टाचांखाली, माकडहाडाखाली, खांद्यांखाली आणि डोक्याखाली दगडासारखी घट्ट झाली होती, आणि बाकीचा कापूस कोरा, जसा भरला तसा.

“कंडक्टर येतो ना हो तुमच्याकडे?” त्याने मला विचारलं होतं. लेकीकडून त्याला दुकानातल्या सगळ्या बातम्या कळायच्या.

“येतो. जात नाही ही अडचण आहे.”

तो हसला. हसायचंही त्याला हप्त्याहप्त्याने, श्वास पुरवून पुरवून. “पहिल्या रांगेतला आवाज आहे तो. मुखवट्यातून धड दिसायचं नाही, मी त्या आवाजावर पडायचो. तो ‘आई गं’ म्हणाला की कळायचं, आज पडणं जमलं.” मग छताकडे बघत म्हणाला, “हरण्याचं काही नाही, आबा. मला जिंकायला कुणी ठेवलंच नव्हतं. पण कामात मी कधी खोटेपणा केला नाही हो. ते शेवटचं पडणं खरं होतं, एवढं त्याला पटवा. बाकी कुणाला नाही पटलं तरी चालेल. आणि पत्ता देऊ नका. लोक बघायला येतील.”

जिना उतरताना लेकीने सांगितलं, की डॉक्टर येतात, शेजारी बसतात, पण आता औषध बदलत नाहीत.

तर त्या शनिवारी मी हे सगळं त्या दोघांना सांगितलं. नाव-पत्ता, लेक आणि पुढ्यातली गादी सोडून सगळं. खाट, खिडकी, पहिल्या रांगेतला आवाज. एक शब्द जास्तीचा घातला नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती अवघड गेलं असेल, ते माझं मलाच ठाऊक.

कंडक्टरने नीट ऐकून घेतलं.

“छान रचलंय,” तो म्हणाला. “डॉक्टर औषध बदलत नाहीत, हे तर फारच सुंदर. पण पंख्याच्या हजामतीची सर नाही.”

“माझ्याबद्दल काही म्हणाला का तो?” चष्मेवाल्याने विचारलं.

“तुझ्याबद्दल काय म्हणणार? तू ओरडतोस कुठे?”

“तेच म्हणतो मी. आबांच्या गोष्टीत आपण नेहमी नसतोच.”

तेवढ्यात ती आली. पोत्याची लेक. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना बुचं बसवायचं काम करते, पाळी संपवून घरी जाऊन आली असावी. मला तिने खूण केली, काही बोलू नका, आणि दाराशी कापसाच्या गोणीवर बसली. या दोघांना ती कोण ते माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने एक गिऱ्हाईक.

“झाली का, आबा?”

“कडेचे टाके राहिलेत, पोरी. बस जरा.”

“पोत्याचं चाललंय आमचं,” कंडक्टर तिला म्हणाला. “कुस्त्या बघता का तुम्ही?”

“घरी बघतात,” ती म्हणाली.

ती दर शनिवारी काहीतरी निमित्त काढून यायची. एकदा उशी, एकदा खोळ, एकदा नुसतीच सुई मागायला. संध्याकाळी घरी गेली की खाटेवरून एकच प्रश्न यायचा, आज कंडक्टर काय म्हणाला. ती काय उत्तर देत असेल, ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, हात मांडीवर उताणे पडलेले. आजही ती रिकाम्या हाताने परत जाणार होती.

सत्य यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मग मी म्हटलं, निदान टाळ्या तरी घेऊन जाऊ दे पोरीला.

“बरं, हरलो,” मी म्हणालो. “मान मोडली वगैरे सगळी थाप होती. आता खरं सांगतो. तो परत आला होता.”

कंडक्टर ताठ बसला. “कधी?”

“गेल्या पावसाळ्यात.”

“मग आम्हाला दिसला कसा नाही?”

“त्या शनिवारी केबल गेली होती.”

“केबल दर शनिवारी जाते.”

“त्यातलाच एक.”

त्याने थोडा विचार केला आणि मान डोलावली. माणसाला हवं असलेलं खोटं सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसं जातं, त्याला थुंकीसुद्धा लागत नाही.

“माझ्याकडे आला तो मुखवटा घालूनच. म्हणाला, आबा, मला गादीत गुंडाळा. मी डबल बेडची गादी अंथरली, त्याला आत घेतलं, सुरळी केली आणि तोंड शिवून टाकलं. श्वासापुरतं एक भोक ठेवलं. मग उचलली खांद्यावर आणि निघालो गोदामाकडे.”

“एकट्याने?” चष्मेवाला म्हणाला.

“तेव्हा खांदा होता मला. दारावरचा पहारेकरी म्हणतो, काय आहे? म्हटलं, गादी. एवढी जड? म्हटलं, कापूस ओला आहे. तो म्हणतो, मग ती खोकते का? म्हटलं, ओला आहे म्हणूनच.”

कंडक्टर खदखदून हसला. दाराशी तिच्याही ओठाचा कोपरा हलला. मी तो पाहिला, आणि मग माझी जीभ सुटली ती सुटलीच. हात मात्र टाके घालत होते.

“आत बुलडोझर माइक घेऊन बढाया मारतोय. माझ्यासमोर उभा राहील असा कुणी उरलाय का? मी मागून रिंगमध्ये गादी फेकली. ती पडली मध्यभागी. सगळे गप्प. आणि गादी घोरायला लागली.”

“घोरायला?”

“अरे, वाटेत झोप लागली त्याला. माझं काम आहे ते, गादी कशी भरतो मी. बुलडोझरने पायाने ढोसली. तसा एक टाका तुटला, मग दुसरा, मग ओळीने सगळे. आधी पाय बाहेर आला, मग काळा मुखवटा. दिवे गेले. गाणं लागलं.”

“कुठलं गाणं?” कंडक्टरने अगदी हळू विचारलं.

“त्याचंच. जुनं.”

चष्मेवाल्याने मुळात स्वच्छ असलेला चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“बुलडोझर धावून आला. ठोसा मारला. पोत्या पडला नाही. दुसरा मारला. नाही पडला. सगळं गोदाम उभं. मग पोत्याने त्याला कमरेत धरलं, उलटं केलं आणि वर उचललं.”

“क्रेन,” चष्मेवाला म्हणाला.

“क्रेन. सगळ्या रिंगला कळलं की आता हा सोडणार. बुलडोझरलाही कळलं, त्याने डोळे मिटून घेतले. पण पोत्याने सोडला नाही. झोपलेलं मूल खाली ठेवतात तसा अलगद ठेवला त्याला. आणि वाकून त्याच्या कानात म्हणाला, आता कण्ह.”

टीव्हीवर कुणीतरी साबण विकत होतं, मुक्यानेच. मग कंडक्टर चळतीवरून उतरला आणि टाळ्या वाजवायला लागला. एकटाच, उभा राहून, हात डोक्याच्या वर नेऊन, गोदामात वाजवायचा तशा. चष्मेवाल्यानेही साथ दिली. मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं, आता ही टाळ्या ओच्यात बांधून जिना चढेल, आणि खाटेवरचा माणूस आज रात्रीपुरता तरी हसेल.

“मी म्हणत नव्हतो?” कंडक्टर म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते. “इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय. मान बिन काही नाही. सगळं नाटक होतं. आणि पडला किती वाईट, तुम्हीच सांगा. एवढा मोठा कलावंत, पण त्या दिवशी अगदीच खोटा पडला. मनात परत यायचं ठरवूनच पडला असेल, लक्षच नसेल कामात. लबाड कुठला.”

“कामचुकारपणा,” चष्मेवाला म्हणाला. “पण माफ.”

“माफ,” कंडक्टर म्हणाला. “परत आला ना. सगळं माफ.”

माझ्या हातातली दाभण तशीच राहिली. एवढा जन्म थापा मारण्यात गेला, पण थाप अशी उलटी फिरून ज्याच्यासाठी मारली त्याच्याच छातीत घुसताना मी पहिल्यांदा पाहिली. टाळ्यांचं गाठोडं बांधलं होतं, आणि कंडक्टरने त्यात हेही घातलं होतं, की तो खोटा पडला. घ्यायचं तर दोन्ही घ्यावं लागणार होतं.

“शेवटचा टाका राहिलाय,” मी तिला म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून. “मग घेऊन जा.”

ती उठली. अंगाला लागलेला कापूस तिने झटकला नाही. कंडक्टरसमोर जाऊन उभी राहिली, पण बोलली ती माझ्याशी. “आबा, खोटं आहे हे.”

“काय खोटं?” कंडक्टर म्हणाला.

“सगळं. गादी, गाणं, सगळं. माझे बाबा कुठेही परत आलेले नाहीत.” तिचा आवाज चढला नव्हता. कारखान्यात दिवसभर यंत्राशेजारी उभं राहून तो सपाट झाला असावा. “आधी सांगत होते आबा ते खरं होतं, काका. दारातून ऐकलं मी. तुम्ही पुन्हा पड म्हणालात, ते त्यांनी ऐकलं होतं. हात आपटायला गेले तर हात नव्हतेच. त्या दिवसापासून त्यांना कुशीवर मी वळवते, पायावर माशी बसली तर मी हाकलते. आत्ता त्यांना जमिनीवर निजवून आलेय, कारण ही गादी त्यांची आहे. उठता आलं असतं तर न्यायला तेच आले नसते का?”